पाय नसलेले प्रवासी

मित्रांनो, जुन्या इमारतीच्या भिंतीत, पाण्याच्या टाकीच्या कडेला किंवा एखाद्या किल्ल्याच्या पडक्या बुरुजावर उगवलेलं पिंपळाचं रोपटं तुम्ही नक्कीच पाहिलं असेल. तिथं ना माती, ना खत, ना कुणी पाणी घालणारं. मग ते तिथं लावलं कुणी? एवढ्या उंचावर शिडी लावून कोण चढलं असेल?

कुणीच नाही! पिंपळाची पिकलेली फळं खाऊन एखादा बुलबुल त्या भिंतीवर येऊन बसला, शिटला आणि उडून गेला. त्याच्या विष्ठेत पिंपळाची खसखशीएवढी बी होती. पावसाचं पाणी मिळताच ती भेगेत रुजली. आपण झाड लावलं, याचा बुलबुलाला पत्ताही नाही!

झाड जन्मभर एकाच जागी उभं असतं. पण त्याची मुलंबाळं मात्र पक्की भटकी असतात. बी म्हणजे काय, तर एक चिमुकलं झाड, त्याच्यासोबत थोडी शिदोरी आणि अंगावर एक घट्ट पांघरूण. प्रवासाची सगळी तयारी! आणि हा प्रवास गरजेचाही असतो. आंब्याच्या सगळ्या कोया आंब्याखालीच रुजल्या, तर त्या रोपांना ऊन कुठून मिळणार? पाणी कसं पुरणार? आईच्या सावलीत माणसाची मुलं सुखात वाढतात, झाडाची मात्र खुरटतात. म्हणून घर सोडावंच लागतं.

वाहनं चार, तिकीट नाही

या प्रवाशांची वाहनं तुमच्या ओळखीची आहेत. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटली, की कापसाच्या ‘म्हाताऱ्या’ हवेत तरंगायला लागतात आणि मुलं त्यांच्यामागं धावतात. रुईच्या बियाही अशाच पांढऱ्या झुपक्यावर बसून उडतात. यांचं वाहन वारा.

नारळाचं वाहन पाणी. त्याच्या जाड काथ्यामुळं तो समुद्रात बुडत नाही. लाटांवर डोलत डोलत दूरच्या किनाऱ्याला लागतो. आणि सागरगोटे? हो, तेच, ज्यांचा आजीकडून तुम्ही खेळ शिकला असाल! काटेरी वेलीच्या या गुळगुळीत, राखाडी बिया समुद्रातून फार लांबचा प्रवास करतात. उष्ण प्रदेशातून निघून त्या थेट युरोपच्या किनाऱ्यापर्यंत वाहत गेल्याच्या नोंदी आहेत.

तिसरं वाहन प्राणी. गणपतीच्या पत्रीत आपण जो आघाडा आणतो, त्याच्या तुऱ्याजवळून जाऊन बघा. कपड्यांना त्याची फळं चिकटलीच म्हणून समजा. गोखरू चपलेच्या तळव्यात रुततं, कुसळं मोज्यांत घुसतात. शेळीच्या केसांत, बैलाच्या शेपटीत, आपल्या विजारीवर बसून या बिया फुकटात गावोगाव फिरतात.

आणि चौथं वाहन म्हणजे स्वतःचीच ताकद. तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावा. फट्‌कन फुटतं आणि बिया चहूकडं उडतात.

वनस्पतींचं ठीक आहे, पण कोळ्यासारख्या बिनपंखाच्या प्राण्यानं उडायचं कसं? त्याचीही युक्ती ऐका. कोळ्याचं पिल्लू गवताच्या टोकावर चढतं, पोटाचा भाग वर उचलतं आणि रेशमाचे बारीक धागे हवेत सोडतं. धाग्यांसकट पिल्लू वर उचललं जातं. या उड्डाणाला वाऱ्याबरोबर हवेतली विद्युतशक्तीही मदत करते, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आलं. १८३२ मध्ये चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून दक्षिण अमेरिकेजवळून जात होता. किनारा सुमारे शंभर किलोमीटर दूर होता. तरी जहाजाच्या दोरखंडांवर बारीक बारीक कोळी येऊन उतरलेले त्यानं पाहिले!

डार्विनच्या घरातल्या बाटल्या

जगाची सफर करून आल्यावर डार्विनला एका प्रश्नानं पछाडलं. भर समुद्रातल्या एकाकी बेटांवर झाडं पोहोचली कशी? समुद्रातून वाहत आली म्हणावं, तर खारट पाण्यात बी मरणार नाही का? त्या काळी याचं उत्तर कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. त्याचे मित्र आणि नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांना तर बिया समुद्राच्या पाण्यात फार दिवस तग धरतील, असं वाटत नव्हतं.

१८५५ मध्ये डार्विननं घरातच प्रयोग मांडला. बाटल्यांत खारं पाणी भरलं आणि त्यात निरनिराळ्या बिया टाकल्या. डार्विनच्या मुलांना तर ही शर्यतच वाटली. आपले बाबा हूकरकाकांना हरवणार का, असं ती सारखी विचारायची! एकंदर ८७ प्रकारच्या बिया डार्विननं तपासल्या. २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही त्यांतल्या ६४ प्रकारच्या बिया रुजल्या. काही तर १३७ दिवसांनंतरही जिवंत निघाल्या. बाबा जिंकले!

त्याचा दुसरा प्रयोग तर आणखी साधा. एका छोट्या तळ्याच्या काठचा, पाण्याखालचा तीन चमचे चिखल त्यानं आणला. वाळवल्यावर त्याचं वजन भरलं सुमारे १९० ग्रॅम. हा चिखल त्यानं सहा महिने आपल्या खोलीत झाकून ठेवला. त्यातून रोपटं उगवलं, की ते उपटायचं आणि मोजायचं. शेवटी किती रोपटी निघाली असतील? ५३७! आणि तो सगळा चिखल चहाच्या एका पेल्यात मावत होता. आता विचार करा, तळ्याकाठी चरणारी बदकं आणि बगळे पायाला चिखल घेऊन उडतात, तेव्हा त्यांच्याबरोबर काय काय उडत असेल!

समुद्रातली कोरी पाटी

पण हे झाले घरातले प्रयोग. एखादी संपूर्ण ओसाड जागा मिळाली आणि तिथं पहिल्या दिवसापासून कोण कोण येतं हे पाहता आलं तर? अशी संधी निसर्गानंच दिली.

१४ नोव्हेंबर १९६३ ची पहाट. युरोपच्या वायव्येला असलेल्या आइसलँड या थंड देशाच्या दक्षिणेला एक मासेमारी बोट चालली होती. बोटीवरच्या स्वयंपाक्याला समुद्रातून काळा धूर वर येताना दिसला. दुसऱ्या कुठल्या तरी बोटीला आग लागली असावी, असं वाटून खलाशी मदतीला निघाले. पाहतात तो समुद्रच पेटलेला! सुमारे १३० मीटर खोल तळावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. राख आणि लाव्हा साचत साचत थोड्याच वेळात पाण्यातून एक नवं बेट वर आलं. तिथल्या पुराणकथांमध्ये ‘सुर्त’ नावाचा अग्नीचा राक्षस आहे. त्याच्यावरून बेटाचं नाव ठेवलं ‘सुर्तसे’, म्हणजे सुर्तचं बेट. हा उद्रेक जून १९६७ पर्यंत चालला. तोवर बेटाचं क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटरपेक्षा जास्त झालं होतं.

जमीन अगदी नवी. एक गवताची काडी नाही, एक मुंगी नाही. शाळेच्या पहिल्या दिवशीची कोरी पाटीच म्हणा ना! आइसलँडच्या सरकारनं आणि शास्त्रज्ञांनी ठरवलं, की या पाटीवर निसर्गालाच लिहू द्यायचं. माणसानं मधे हात घालायचा नाही. आजही तिथं फक्त परवानगी मिळालेले मोजके संशोधक जातात.

मग पाहुणे यायला लागले. १९६४ मध्ये, उद्रेक चालू असतानाच, एक छोटी माशी सापडली. १९६५ च्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या वाळूत पहिलं रोपटं दिसलं. ते आपल्या मोहरीच्याच कुळातलं, समुद्राकाठी वाढणारं होतं. त्याची बी लाटांनी आणली होती. पण ही पहिली रोपटी काही टिकली नाहीत. १९६७ मध्ये गुबगुबीत पानांची, वाळूत पसरणारी एक वनस्पती आली आणि तिनं मात्र चिकाटीनं तळ ठोकला.

कोण कुठल्या वाहनानं आलं, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी अगदी गुप्त पोलिसांसारखा तपास केला. चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या पोटात त्यांना बिया मिळाल्या. पाकट जातीच्या माशांच्या अंड्यांची रिकामी कवचं किनाऱ्याला लागली होती. त्यांच्यावरही बिया चिकटलेल्या होत्या. १९७४ मध्ये तर गवताचं एक मोठं ढेकूळ मुळांसकट तरंगत आलं. त्याचा अर्धा भाग तपासला, तर आत सूक्ष्म किडे आणि कोळ्यांच्या कुळातले जीव मिळून ६६३ प्रवासी निघाले. आणि बहुतेक सगळे जिवंत! एस. टी. च्या गाडीतसुद्धा एवढी गर्दी नसते!

१९७० मध्ये समुद्रपक्ष्यांनी पहिली घरटी केली. पुढं १९८५ च्या सुमारास कुरवांची, म्हणजे सीगल पक्ष्यांची वसाहतच झाली. आणि मग बेटाचं रूप बदललं. पक्ष्यांची विष्ठा म्हणजे उत्तम खत. पहिल्या वीस वर्षांत बेटावर वीस प्रकारच्या वनस्पती येऊन गेल्या होत्या, पण नापीक वाळूत त्यांतल्या दहाच टिकल्या. पक्ष्यांनी खत घातल्यावर मात्र हिरवळ वाढली. २००८ पर्यंत एकूण ६९ प्रकारच्या वनस्पती तिथं नोंदल्या गेल्या आणि सुमारे तीस कायमच्या वसल्या. हिरवळ आली म्हणून किडे आले, किडे आले म्हणून ते खाणारे पक्षी आले. प्रत्येक पाहुण्यानं पुढच्या पाहुण्यासाठी अंथरूण घालून ठेवलं! २००८ मध्ये युनेस्कोनं या बेटाला जागतिक वारशाचा मान दिला.

तराफ्यावरचे पंधरा जण

बी, किडा, पक्षी इथवर ठीक. पण चांगला मोठा, चार पायांचा प्राणी समुद्र कसा ओलांडेल? शास्त्रज्ञांचा बराच काळ एक अंदाज होता, की वादळात उन्मळलेल्या झाडांच्या तराफ्यावर बसून काही प्राणी बेटांवर जात असावेत. पण असं जाताना कुणी पाहिलं नव्हतं.

१९९५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेजवळच्या कॅरिबियन समुद्रात लागोपाठ दोन मोठी चक्रीवादळं झाली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अँग्विला नावाच्या बेटाच्या किनाऱ्याला ओंडके आणि मुळांसकट उपटलेली झाडं यांचा भलामोठा ढीग येऊन लागला. आणि त्यावर बसून आले होते हिरवे इग्वाना! इग्वाना म्हणजे घोरपडीसारखा दिसणारा मोठा सरडा. स्थानिक कोळ्यांनी त्यांना पाहिलं. ही जात त्याआधी त्या बेटावर नव्हतीच. निदान पंधरा इग्वाना तरी आले होते आणि दोन वर्षांनंतरही त्यांतले काही जिवंत होते. इतके दिवस जे पुस्तकात होतं, ते किनाऱ्यावर येऊन उभं राहिलं.

पोहोचणं वेगळं, टिकणं वेगळं

आता एक ओळखीचा पक्षी घेऊ. शेतात गुरांच्या मागंमागं चालणारा पांढरा गायबगळा. गाय चरत चालली, की तिच्या पायांनी गवतातले किडे उडतात. ते हा टिपतो. याचाच आफ्रिकेतला भाऊबंद एकोणिसाव्या शतकात अटलांटिक महासागर ओलांडून गेला. सुमारे तीन हजार किलोमीटरचं पाणी! १८७७ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर तो पहिल्यांदा दिसल्याची नोंद आहे. पण तिथं त्याचं बस्तान बसायला १९३० नंतरचा काळ उजाडला. पुढं मात्र त्यानं झपाटा लावला. १९५३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या फ्लोरिडात त्यानं घरटं केलं आणि १९६२ मध्ये थेट कॅनडात!

एवढी वर्षं कशाला लागली? याआधीही वाऱ्यानं भरकटून काही बगळे पलीकडं गेले असतील. पण तिथं घनदाट जंगल असेल, तर गायबगळ्यानं चालायचं कुणाच्या मागं? माणसानं जंगलं तोडून कुरणं केली, गुरं आणली, तेव्हा कुठं बगळ्याला त्याची गाय भेटली. म्हणजे नुसतं पोहोचून भागत नाही. अन्न हवं, जागा हवी, जोडीदार हवा. निघालेल्या हजारो प्रवाशांपैकी एखादाच पोहोचतो आणि पोहोचलेल्यांपैकी थोडेच टिकतात.

या सगळ्याला फार वेळ लागतो. पण या वेळेचाच एक मोठा फायदा आहे. नवा पाहुणा हळूहळू येतो, म्हणून जुन्या रहिवाशांना त्याच्याशी जुळवून घ्यायला, त्याला खायला किंवा त्याच्यापासून बचाव करायला शिकायची संधी मिळते.

माणसाची घाई

आणि इथंच आपली गोष्ट सुरू होते. माणूस हे पाचवं वाहन आहे आणि ते सगळ्यांत वेगवान आहे. जो प्रवास निसर्गात हजारो वर्षांतून एखाद्या वेळी घडेल, तो जहाज आणि विमान एका फेरीत घडवून आणतं.

सगळेच पाहुणे वाईट असतात असं मुळीच नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ ही सगळी मूळची अमेरिका खंडातली मंडळी. मिरची तर पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडं आली. आज तिच्याशिवाय आपला ठेचा कसा होणार? पण सगळ्याच पाहुण्यांची गोष्ट अशी चविष्ट नसते.

१९५५ च्या सुमारास पुण्यात एक अनोळखी तण दिसायला लागलं. पानं गाजरासारखी, वर पांढऱ्या चांदण्यांसारखी बारीक फुलं. तेच ते गाजरगवत! काही जण त्याला चटकचांदणी म्हणतात. ते मूळचं उष्ण अमेरिकेतलं. परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर त्याची बी आपल्याकडं आली, असं मानलं जातं. पुढच्या काही दशकांत ते देशभर पसरलं. का? एकेक झाड हजारो हलक्या बिया तयार करतं. गुरं ते सहसा खात नाहीत. त्याच्या मुळापानांतून मातीत उतरणारी द्रव्यं शेजारच्या रोपांची वाढ रोखतात. शिवाय त्याला खाणारे किडे मायदेशातच राहिले होते. पाहुणा आला, पण त्याला आवर घालणारं कुणी बरोबर आलं नाही! त्याच्या स्पर्शानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, परागकणांनी काहींना दम्याचा त्रास होतो. शेवटी मेक्सिकोहून त्याचा वैरी असलेला एक भुंगा आणावा लागला. १९८४ पासून तो आपल्या देशात सोडला गेला. काही ठिकाणी त्यानं चांगलं काम केलं, तरी गाजरगवत आजही रस्त्याच्या कडेला आपल्याला भेटतंच.

म्हणूनच सुर्तसे बेटावर एवढे कडक नियम आहेत. तरी तिथंही एकदा गंमत झाली. लाव्हाच्या खडकात शास्त्रज्ञांना एक अनोळखी रोपटं दिसलं. कोणता नवा पाहुणा म्हणून सगळे चकित! जवळ जाऊन पाहिलं, तर ते टोमॅटोचं होतं. बेटावर येऊन गेलेल्या कुणीतरी टोमॅटो खाल्ला होता आणि मग तिथंच उघड्यावर शौचाला बसला होता! बुलबुलानं पिंपळाचं जे केलं, तेच या गृहस्थांनी टोमॅटोचं केलं. रोपटं अर्थातच उपटून टाकण्यात आलं.

यावर आपण हसतो, पण आपलं काय? आपल्या कास पठारावर पावसाळ्याच्या शेवटी खडकावरच्या इवल्याशा मातीत रंगीबेरंगी फुलं उमलतात. २०१२ पासून तेही जागतिक वारशात आहे. तिथल्या कितीतरी वनस्पती फार थोड्या जागांत सापडतात. शहरातल्या रस्त्याकडेची बी बुटाच्या चिखलातून तिथं नेली, तर तिला परत कोण बोलावणार? म्हणून किल्ल्यावर, पठारावर, देवराईत जाण्याआधी बूट स्वच्छ करा. मोज्यांतली कुसळं आणि बिया घरीच काढा. घरात पाळलेले परदेशी मासे किंवा कासवं कंटाळा आला म्हणून नदीत, तलावात सोडू नका. दया म्हणून केलेली गोष्ट तिथल्या माशांच्या जिवावर बेतू शकते.

तुम्हीही करून बघा

डार्विनसारखा प्रयोग तुम्हालाही करता येईल. पावसाळा संपत आला, की एक जुना लोकरी किंवा सुती मोजा बुटावरून चढवा आणि गवताळ मैदानात आईबाबांबरोबर दहा मिनिटं फिरून या. घरी आल्यावर मोज्याला काय काय चिकटलं ते भिंगातून पाहा, मोजा आणि वहीत चित्रं काढा.

आता दोन पसरट भांडी घ्या. दोन्हीत एकाच जागची माती भरा. एका भांड्यात मोज्यावरच्या बिया आणि बुटाचा चिखल घाला, दुसऱ्यात काहीच घालू नका. दोन्हींना रोज सारखंच पाणी द्या. दुसरं भांडं कशाला? मातीत आधीपासूनच काही बिया असू शकतात. त्यातून काय उगवतं हे कळलं, तरच तुमच्या मोज्यानं काय आणलं ते नीट सांगता येईल. महिनाभर नोंदी ठेवा. प्रयोग संपल्यावर रोपटी मोकळ्या मैदानावर फेकू नका. ती उन्हात पूर्ण वाळवून मगच टाका. त्यात गाजरगवत निघालं, तर उघड्या हातानं धरू नका बरं का!

दहा मिनिटांच्या फेरीत तुमच्या दोन पायांनी किती प्रवासी आणले, हा आकडा वर्गातल्या मित्रांना आधी ओळखायला सांगा. मग वही उघडून दाखवा.